खाजगी ट्रॅक्टर, ३ नग

माझ्या मोबाइलमध्ये नोंदवहीच्या एका पानाचा फोटो आहे. पान आमच्या नगरपरिषदेच्या पूर नियंत्रण कक्षाचं, अक्षर माझं. डाव्या कडेला पाणी लागून शाई पसरली आहे. रात्री २ वाजून ४० मिनिटांच्या पुढे लिहिलंय: ‘नदीकाठच्या वस्तीतील लोक हलविणेकामी खाजगी ट्रॅक्टर, ३ नग.’ त्याखाली एका ट्रॅक्टरचा नंबर आणि मालकाचं नाव आहे. बाकी दोघांचं काहीच नाही. या एका ओळीपायी दोन माणसांचे पैसे बुडाले, म्हणून आज लिहायला बसले.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी नगरपरिषदेत तेहतीस वर्षं नोकरी केली. बारनिशीला, म्हणजे आवक-जावक टपालाच्या टेबलाला, कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या रात्री चुकलेल्यांपैकी काही जण अजून नोकरीत आहेत आणि त्या चुकीत माझाही वाटा आहे.

कोविडच्या चार-पाच वर्षं आधीचा पावसाळा. दोन दिवस झड लागलेली. नियंत्रण कक्ष म्हणजे आमची जन्म-मृत्यू नोंदणीची खोली. एक लँडलाइन, एक चार्जिंगची बत्ती आणि ही नोंदवही. रात्री अकराच्या सुमारास वरच्या धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप आला. घंटागाडीच्या भोंग्यावरून नदीकाठच्या गल्ल्यांमध्ये पुकारा सुरू केला. बरीच माणसं ऐकून निघाली, बरीच थांबली. तिकडची घरं धाब्याची, मातीची, आणि म्हातारी माणसं धाबं सोडून निघायला तयार होत नाहीत. दीड वाजता पाणी खालच्या गल्लीत शिरलं. आमच्याकडे एक अग्निशमन बंब होता आणि दोन घंटागाड्या होत्या. त्या पाण्यात यातलं काहीच चालणार नव्हतं.

मग साहेबांनी फोन फिरवले. ज्यांच्याकडे मोठ्या चाकाचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली आहे अशा तिघांना बोलावलं. तिघेही विसाव्या मिनिटाला हजर. कोणी भाडं विचारलं नाही, डिझेल कोण घालणार तेही विचारलं नाही. सकाळी सहाला त्यांच्यातले एक आप्पा खोलीच्या दारात उभे राहिले. कमरेपर्यंत चिखल. म्हणाले, “ताई, समदा लोके शाळामा पोचाडात. आते घर जास मी.” मी त्यांना चहा दिला. नाव लिहून घ्यायचं सुचलं नाही. सतत फोन वाजत होता, आणि आप्पांना तर सगळं गाव ओळखतं, असं कुठेतरी मनात असावं.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी कायद्याचं थोडं सांगते. ते कळल्याशिवाय त्या कोऱ्या जागेचं वजन कळणार नाही.

आपत्ती आली की नगरपालिकेला सगळे अधिकार मिळतात, असं गावात सर्रास बोललं जातं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मलाही तसंच वाटायचं. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ सालचा. त्यात खरी ताकद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे दिली आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आणि सोबत मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्ह्याचे वैद्यकीय अधिकारी अशी मंडळी. नगरपरिषदेच्या नगराध्यक्षांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना पदामुळे तिथे खुर्ची नाही. रस्ता बंद करणं, बाधित भागात कोणाला जाऊ द्यायचं ते ठरवणं, ढिगारा उपसणं, धोक्याचं बांधकाम पाडणं, तात्पुरता पूल टाकणं, हे सगळं कलम ३४ मध्ये जिल्हा प्राधिकरणाच्या नावावर आहे. आमच्यासारख्या स्थानिक संस्थांच्या वाट्याला मुख्यतः कलम ४१ येतं. त्यात माणसं प्रशिक्षित ठेवा, साधनं चालू स्थितीत ठेवा, बांधकामं नियमात होतात का बघा आणि जिल्ह्याच्या आराखड्याप्रमाणे मदतकार्य करा, असं सांगितलंय. म्हणजे पाण्यात उतरायचं आम्ही, आणि दुसऱ्याची वस्तू ताब्यात घ्यायचा हुकूम यायचा जिल्ह्याकडून किंवा जिल्ह्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून. बहुतेक वेळा ते तहसीलदार किंवा प्रांत असतात.

कर्फ्यूचंही तेच. धुळ्यात २००८ आणि २०१३ साली संचारबंदी लागली तेव्हा माझ्या माहेरची माणसं मला फोन करून विचारायची, “तू नगरपालिकेत आहेस ना, सूट कधी मिळणार?” संचारबंदी दंडाधिकारी लावतात. तेव्हा ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली लागायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली लागते. पालिका फार तर पाण्याचा टँकर आणि सफाईची गाडी आत सोडण्यासाठी पास मागू शकते.

पालिकेचे स्वतःचे, कोणी काही जाहीर न करताही चालणारे अधिकार वेगळे आहेत, आणि ते कमी नाहीत. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ५८ चं दुसरं पोटकलम आहे. कार्यालयात त्याला नुसतं ‘अठ्ठावन-दोन’ म्हणतात. लोकांच्या सुरक्षिततेसाठी एखादं काम लगेच करणं गरजेचं असेल, तर सभेची मंजुरी येण्याची वाट न बघता नगराध्यक्ष ते करायला सांगू शकतात आणि खर्च पालिकेच्या निधीतून टाकू शकतात. मात्र पुढच्या सभेत कारणांसह अहवाल ठेवावा लागतो, आणि सभेने आधीच नाही म्हटलेलं काम या वाटेने करता येत नाही. महापालिकेत असाच अधिकार आयुक्तांना १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. अचानक दुर्घटना घडली किंवा घडण्याचा धोका असला, तर योग्य वाटेल ती कारवाई लगेच करायची, आणि ती का केली, किती खर्च आला, ते स्थायी समितीला आणि महासभेला तातडीने कळवायचं. पडायला आलेल्या घरांना नोटीस देणं, ती रिकामी करून घेणं हेही पालिकेचंच काम. आमच्याकडे पावसाळ्याआधी धाब्याच्या घरांना अशा नोटिसा जायच्या. पुष्कळ लोक त्या दाराच्या कडीत खोचून ठेवायचे.

आता ट्रॅक्टरवर येते. दुसऱ्याचं वाहन, जागा किंवा साधन ताब्यात घेण्याला अधिग्रहण म्हणतात. ते २००५ च्या कायद्याच्या कलम ६५ मध्ये आहे, आणि तिथे ‘लेखी आदेशाने’ असे शब्द आहेत. गरज संपली की ताबाही संपतो, हेही तिथेच लिहिलंय. कलम ६६ मोबदल्याचं. वाहन असेल तर त्या भागात चालू असलेल्या भाड्याच्या दराचा विचार करायचा, जागा असेल तर तिथल्या भाड्याचा. ठरवलेली रक्कम पटली नाही, तर तीस दिवसांत अर्ज करून प्रकरण लवादाकडे न्यायची मुभा मालकाला आहे. दुसऱ्या बाजूला कलम ५१ आहे. योग्य कारण नसताना आदेश मानला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या नकारामुळे जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत. म्हणजे मालकाला ‘नाही’ म्हणायची फारशी सोय कायद्याने ठेवलेली नाही. ती सोय काढून घेतली आहे, म्हणूनच त्याच्या हातात कागद द्यायला सांगितलंय. हे कलम मी फार उशिरा नीट वाचलं. तोवर ते फक्त टिपणीत वरून उतरवून काढत असे.

खानदेशातल्या खेड्यातल्या माणसाला अधिग्रहण हा शब्द नवा नाही. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या भागांत टंचाईच्या वर्षी विहिरी अधिग्रहित होतात. तिथे रीतसर प्रस्ताव जातो, पाहणी होते, आदेश निघतो, विहीरमालकाला त्याची प्रत मिळते. माझ्या मामांची विहीर दोन उन्हाळे अशी घेतली होती. ते आदेशाची प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवायचे. पैसे यायला वेळ लागला, पण मागायला हातात कागद होता. दुष्काळ हळूहळू येतो, त्यामुळे तहसीलच्या टेबलाला लिहायला वेळ मिळतो. पूर रात्रीतून येतो आणि लिहिणारी माणसं फोन घेत असतात. कायद्याने मात्र दोन्हीकडे तोच कागद मागितला आहे.

आमच्या त्या रात्री असा आदेश निघालाच नाही. तहसीलमधून तोंडी ‘घ्या म्हणावं’ असं आलं, आमच्या साहेबांनी तोंडीच बोलावलं. ‘उद्या आदेश काढू’ ठरलं. दुसऱ्या दिवशी शाळेत साडेतीनशे माणसांच्या जेवणाचं बघायचं होतं, तिसऱ्या दिवशी चिखल, चौथ्या दिवशी मंत्र्यांचा दौरा. आदेश काढायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही, माझ्याही.

आठ महिन्यांनी देयकं आली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला: अधिग्रहण आदेश जोडलेला नाही, वाहनांचा तपशील नाही. ज्या ट्रॅक्टरचा नंबर मी लिहिला होता, त्याच्या मालकाचं देयक शेवटी निघालं. कलम ५० मध्ये आपत्तीच्या वेळी निविदा न मागवता तातडीची खरेदी करता येते, आणि प्राधिकरणाने नेमलेल्या नियंत्रक अधिकाऱ्याने दिलेलं वापराचं प्रमाणपत्र हिशेबाला व्हाउचर म्हणून चालतं. ते कलम आपल्याला थेट लागू पडतं की नाही यावर बराच खल झाला. पण ते पुढे ठेवून, माझ्या नोंदवहीतली ती ओळ जोडून आणि साहेबांचं प्रमाणपत्र लावून ते एक प्रकरण आम्ही मार्गी लावलं. उरलेल्या दोन ट्रॅक्टरांसाठी पाच जणांचे अर्ज आले होते. पाचही जण त्या रात्री आम्ही होतो म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मदतीला आलेले आणखीही असतील. कागदावरून कोणाचंच ठरवता येईना. पाचही अर्ज निकाली काढले गेले. ‘निकाली काढणे’ हा शब्द मी हजारदा लिहिला असेन, त्या दिवशी लिहिताना हात जड झाला.

आप्पा त्या पाचांपैकी एक. त्यांच्या ट्रॉलीचा धुरा त्या रात्री खचलेल्या रस्त्यात वाकला होता, दुरुस्तीचं बिल त्यांनी जोडलं होतं. निर्णयाचं पत्र घ्यायला ते स्वतः आले. माझ्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, “मी पैसासाठे नही उनू ताई. पन कागदवर मन्हं नाव काबर नही?”

मी काय उत्तर देणार होते! चहा दिल्याचं मला आठवत होतं. कपाची मूठ तुटलेली होती हेसुद्धा आठवत होतं.

त्या वर्षी मी एक नमुना तयार केला, एका पानाचा. कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या कलमाखाली, कोणाच्या अधिकाराने. काय घेतलं. किती वाजता घेतलं. घेताना वस्तूची स्थिती काय होती, मीटर किती होता. डिझेल कोणाचं. परत कधी दिलं. मालकाची सही, घेणाऱ्याची सही, आणि खाली ठळक: ‘एक प्रत मालकास जागेवर दिली.’ पन्नास प्रती काढून, मधे कार्बन घालून क्लिपबोर्डला लावल्या आणि क्लिपबोर्ड नियंत्रण कक्षाच्या खिळ्याला टांगला. तहसीलमधल्या ओळखीच्या अव्वल कारकुनांना दाखवला. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या आणि तहसीलदारांची सही आधीच घेऊन ठेवता येईल का ते विचारलं. कोरी सही घेऊन ठेवायला मी नको म्हटलं. त्याऐवजी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच मुख्याधिकाऱ्यांना प्राधिकृत करणारं पत्र जिल्ह्यातून मागवून घ्यायचं ठरलं. पहिल्या वर्षी ते आलं नाही, दुसऱ्या वर्षी जुलैत आलं.

तो नमुना खऱ्या अर्थाने उपयोगी पडला २०२० साली. १३ मार्चला राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, २४ मार्चला केंद्राने आपत्ती कायद्याखाली देशभर टाळेबंदी जाहीर केली. तालुक्यात कार्यकारी दंडाधिकारी इन्सिडेंट कमांडर, म्हणजे आपल्या हद्दीत टाळेबंदीची अंमलबजावणी बघणारे अधिकारी, झाले. ७ ते १३ जुलै जळगाव, भुसावळ आणि अमळनेरमध्ये पुन्हा कडक बंद झाला, तोही जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. आम्ही गल्लीच्या तोंडाला बल्ल्या बांधत होतो, फवारणी करत होतो, पावतीपुस्तक घेऊन दंड करत होतो. प्रत्येक वेळी आदेशाचा क्रमांक विचारून घ्यायची मला सवय लागली होती. दोघातिघांना त्याचा राग यायचा.

१८९७ चा कायदा प्लेगच्या वेळचा. अगदी छोटा, चार कलमांचा. त्याने सरकारला जवळजवळ हवे ते नियम करायची मोकळीक दिली, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लागणार नाही असं शेवटच्या कलमात लिहून ठेवलं. त्याच वर्षी पुण्यात घरोघरच्या झडत्यांवरून लोक किती संतापले होते आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलो. आमच्या आजीच्या आईने प्लेगात गावाबाहेर झोपडीत दिवस काढले होते. मागे घरातलं काय कोणी नेलं याचा हिशेब तिने कधी कोणाकडे मागितला नाही, कारण मागायचा कोणाकडे ते माहीत नव्हतं. सद्भावनेचं संरक्षण २००५ च्या कायद्यातही आहे, आणि ते असायलाच हवं, नाहीतर रात्री दोन वाजता कोणी निर्णयच घेणार नाही. पण ते अधिकाऱ्याला आहे. ट्रॉलीच्या धुऱ्याला नाही.

तर, कोविड केअर सेंटरसाठी गावाबाहेरचं एक मंगल कार्यालय घ्यायचं ठरलं. मालक नाना, वय सत्तरच्या घरात, सगळा लग्नाचा हंगाम बुडालेला. आम्ही चौघं पीपीई किट घालून नव्हे, साधे मास्क लावून, रुग्ण यायच्या आदल्या दिवशी गेलो. मी यादी करत होते: गाद्या १२०, पंखे ३८, त्यातले ३ बंद, पाण्याच्या टाक्या ४, एकीचं झाकण फुटलेलं, विजेच्या मीटरचं रीडिंग. नाना चिडले. “मॅडम, तुम्ही माझे पंखे मोजताय? मी चोर आहे का?” मी म्हटलं, “नाना, तुम्ही नाही. उद्यापासून इथे आमची माणसं असणार, म्हणून मोजतेय.” ते गप्प झाले. मग स्वतः स्टूल आणून माळ्यावरची भांडी काढून दाखवायला लागले. कढया, परातीसुद्धा लिहायला लावल्या. प्रत हातात घेतली, चष्मा लावून अख्खी वाचली आणि बंद पंखे तीन नव्हे, दोनच आहेत म्हणून यादीतला आकडा दुरुस्त करायला लावला. तिसरा पंखा चालू करून दाखवला.

साडेचार महिन्यांनी ताबा परत दिला तेव्हा २६ गाद्या नव्हत्या. त्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. वीजबिल चार आकडी होतं ते पाच आकडी झालं होतं. यादी होती, रीडिंग होतं, सह्या होत्या. पैसे यायला सात महिने लागले, तेही एकरकमी नाही. पण आले. एकाही टेबलावर कोणी नानांना ‘तुमच्या गाद्या होत्याच कशावरून’ असं विचारलं नाही.

अलीकडे या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, २०२५ साली. राजधानीच्या शहरांसाठी आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकार वेगळं नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमू शकतं. अध्यक्ष महापालिका आयुक्त, जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. इतकी वर्षं सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडेच होती, त्यामुळे मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. नाला कुठे तुंबतो, कोणत्या गल्लीत बंब वळत नाही, हे शहराच्याच माणसांना ठाऊक असतं. पण खानदेशात महापालिका दोनच, जळगाव आणि धुळे, दोन्ही २००३ च्या. बाकी सगळी नगरपरिषदांची आणि नगरपंचायतींची गावं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तेव्हा पाण्यात गेलेलं शहर नगरपरिषदेचंच होतं. त्या दुरुस्तीत अशा गावांसाठी काही नाही. निदान नदीकाठच्या नगरपरिषदांच्या मुख्याधिकाऱ्यांना दर मे महिन्यात, न मागता, अधिग्रहणाचं प्राधिकारपत्र मिळालं पाहिजे. त्याला कायदा बदलावा लागत नाही. कलम ६५ मध्ये अधिकार दुसऱ्या अधिकाऱ्याला देता येतो असं आधीच लिहिलेलं आहे.

आप्पा गेल्या वर्षी वारले. दहाव्याला गेले होते. ट्रॅक्टर आता मुलगा चालवतो, ट्रॉली तीच आहे, धुरा बदललेला. या जूनमध्ये तो घरी आला. कार्यालयातल्या नव्या मुलाने त्याला पूर आला तर येशील का म्हणून विचारलं होतं, आणि तो हो म्हणाला होता. मी कपाटातून नमुन्याच्या दहा प्रती काढून दिल्या आणि कुठे काय लिहायचं ते सांगितलं. वाचता वाचता एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. ट्रॅक्टर अजून वडिलांच्याच नावावर आहे, मग मालक म्हणून कोणाचं नाव लिहायचं?

मी म्हटलं, आरसी बुकावर ज्यांचं नाव आहे त्यांचं लिही, पुढे ‘मयत, वारस’ लिही आणि तुझं नाव घाल. चालकाच्या ओळीत तुझंच नाव पुन्हा. आणि पाऊस लागायच्या आत आरटीओत जाऊन नावावर करून घे.